रेघा नसलेला अंगठा

निगडी, ७ जानेवारी २०२५

ती. गोरक्षदादास,

नमस्कार लिहिणार होते, पण डाव्या हातानं जोडाक्षरं काढायची म्हणजे फार कटकट आहे, म्हणून राहू दिला. तुझ्या नावातला क्ष काढण्यातच दमले. अक्षर बघून हसू नकोस. हसलास तरी मला कुठं दिसणार आहे म्हणा.

फोन का केला नाही असं विचारशील. केला होता. माझ्या नंबरवरून लावला की दरवेळी बिझी लागतो आणि आईनं तिच्या नंबरवरून लावला की लगेच उचलतोस. सख्ख्या बहिणीला ब्लॉक केलंय, हे कळायला आयटीत नोकरी असावी लागत नाही. इथं हॉस्पिटलातल्या थेरपीच्या बाई म्हणाल्या, डाव्या हाताला वळण लावा, रोज काहीतरी लिहा. शेजारची पेशंट देवाचं नाव लिहिते. मी तुला लिहायचं ठरवलं. भांडायचं असलं की माझा हात आपोआप चालतो.

आईनं सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक. डिसेंबरात सेकंड शिफ्टला कंपनीतल्या पत्रा ठोकायच्या प्रेसनं डबल मारला. म्हणजे मी दोन्ही बटणं दाबली, एक ठोका पडला, पार्ट काढायला हात आत घातला, आणि बटणाला कुणी हात न लावता दुसरा ठोका पडला. मशीनचा ब्रेक गेलेला होता. बोटं वाचली. उजव्या अंगठ्याची कातडी मात्र मोजा काढावा तशी निघून गेली. मी बाई आहे म्हणून मशीन चुकलं नाही. माझ्याआधी त्याच प्रेसवर दोन गड्यांची बोटं गेली आहेत, आणि त्यांना कुणी घरी बसून भाकऱ्या थापा म्हणालं नाही.

इथं विजयश्री मॅडम म्हणून प्लास्टिक सर्जन आहेत. मला वाटायचं हे लोक फक्त नाकं सरळ करतात. त्यांनी माझ्या जांघेजवळची कातडी चरबीसकट उचलली, एका बाजूनं पोटालाच राहू दिली आणि तिच्यात अंगठा शिवून टाकला. तीन आठवडे माझा हात पोटाला शिवलेला होता. शिंक आली तरी दोन्हीकडून कळ यायची. अंगठ्याकडून त्या कातडीला रक्त मिळायला लागलं की पोटाकडची बाजू कापायची, असा हिशेब. ती गेल्या आठवड्यात कापली, हात सुटला, मी नर्सला पेढे मागवायला सांगितलं. दोन दिवसांनी नव्या कातडीची कड जांभळी पडायला लागली. आता शेंड्याला काळपट दिसतंय.

मॅडमनी खूप विचारलं. शुगर आहे का, बीपी आहे का, तंबाखू, सिगारेट, गुटखा? मी म्हटलं, आमच्या घरातल्या बायका तंबाखूला शिवत नाहीत. मग त्या म्हणाल्या, एक उपाय आहे, दाबाखाली ऑक्सिजन द्यायचा. त्यानं कातडीनं जीव धरला तर अंगठा राहील. नाही धरला तर बुडापासून काढावा लागेल.

तुझा निरोप आईनं पोचवला. "गोरक्ष म्हनतोय, किती दिस हाल करून घ्यायचं, तोडून टाक म्हनावं आन मोकळी हो." तुला काय जातंय रे सांगायला? अंगठ्याशिवाय पाना धरता येत नाही, पार्ट धरता येत नाही, प्रेसवर उभं राहता येत नाही, आणि तुला नेमकं तेच हवं आहे. मी नारायणगावचं सासर सोडून आले, परत जाणार नाही म्हणाले आणि आयटीआयचा कोर्स करून कंपनीत लागले, तेव्हा ओसरीवर उभं राहून तू जे बोललास ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. "जा. हात तोडून घेतल्याबिगर ऱ्हानार न्हाईस. पन तुटका हात घिऊन माझ्या दारात येऊ नको."

आले का मी? चार वर्षं कंपनीची बस रोज आपल्या कुरुळीच्या फाट्यावरून जाते, मी मान वळवून बघत नाही. एकदाच बघितलं. तुझ्या पिकअपला निळा रंग दिलास, तो चांगला दिसत नाही.

अंगठा तोडू देणार नाही. एवढंच कळवायचं होतं.

पुनम


निगडी, १० जानेवारी २०२५

ती. दादास,

पत्र आईच्याच हाती पाठवलं होतं, तिला विचारलं, वाचून काय म्हणाला? "काय न्हाई. वाचलं आन उशीखाली ठिवलं." म्हणजे फाडलं नाहीस. ठीक आहे, मग हेही घे.

त्या ऑक्सिजनच्या यंत्राबद्दल आईनं गावात काहीतरी भलतंच सांगितलं असणार, म्हणून लिहिते. पारदर्शक नळकांडं आहे, आत एक माणूस झोपेल एवढंच. सुती झगा घालून आत सरकवतात, दार लावतात आणि आतला दाब वाढवत नेतात. माळशेज उतरताना कानाला दडे बसतात तसे बसतात, सारखा आवंढा गिळावा लागतो. मग दीड तास शुद्ध ऑक्सिजन ओढत पडून राहायचं. मॅडम म्हणतात, एरवी रक्तातल्या पेशी जेवढा ऑक्सिजन वाहून नेतात त्याहून कितीतरी जास्त या दाबानं रक्ताच्या पाण्यातच विरघळतो, आणि जिथं रक्त कमी पोचतं तिथंही पोचतो. समजलं तेवढं सांगितलं.

यंत्र सांभाळणारी तेजल नावाची पोरगी आहे, तुझ्या धाकट्या मेव्हणीएवढी, पण आवाज फौजदाराचा. आत धातू नको, मोबाइल नको, पावडर नको, तेल नको. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पुरते म्हणे. मंगळसूत्र काढा, असं पहिल्या दिवशी म्हणाली. मी म्हटलं, ते चार वर्षांपूर्वीच काढलंय, पुढचं बोल. ती हसली. तेव्हापासून आमचं जमतं.

काल मात्र आईनं घोळ घातला. पहाटे येऊन माझ्या डोक्यावर वाटीभर खोबरेल थापलं. "डोस्कं थंड ऱ्हाईल त्या नळकांड्यात." तेजलनं माझ्या केसांना हात लावला आणि किंचाळलीच. सगळा नंबर रद्द. न्हाणीघरात बसवून तिनं स्वतः माझं डोकं दोनदा शाम्पूनं धुतलं आणि संध्याकाळी मला आत घातलं.

अंगठा आहे तसाच आहे. आज ड्रेसिंग सोडल्यावर मॅडम त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. काळपट भाग वाढलाय असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला डोळे आहेत. पुढच्या आठवड्यात ठरवू, म्हणाल्या. काय ठरवू ते मी विचारलं नाही. खरं सांगते, मला भीती वाटते. आईसमोर मी फुशारकी मारते, नळकांड्यात गेल्यावर रडते. तिथं डोळे पुसायलाही नीट जागा नसते.

सकाळ तेवढी बरी जाते. आई पहिल्या बसनं येते, थर्मासमधला चहा ओतते, मग मिश्रीची डबी काढते. इथली पेस्ट मला चालत नाही, साबण खाल्ल्यासारखं वाटतं. डाव्या हाताच्या बोटानं दातांना निवांत मिश्री लावत खिडकीत बसते. आताशा दुपारी आणि संध्याकाळीही लावते, काळजीनं भणभणलेलं डोकं त्यानं जरा ठिकाणावर येतं. आई डबी भरूनच ठेवते बिचारी.

उत्तर पाठवू नकोस. मी वाट बघत नाहीये.

पुनम


निगडी, १४ जानेवारी २०२५

दादा,

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस, आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे.

काल सकाळी मॅडम राउंडला आल्या. अंगठा बघितला नाही, ड्रेसिंग सोडलं नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पुनम, तुम्ही मिश्री लावता?"

"लावते की. दात घासायला."

"मी तुम्हाला तंबाखूचं विचारलं होतं."

"तंबाखू कुठं, मिश्री आहे ती."

"आणि मिश्री कशाची करतात?"

आता हे उत्तर मला येत नाही का? आई तव्यावर तंबाखू भाजायला बसली की आपण दोघं खोकत अंगणात पळायचो. पण शपथेवर सांगते, उत्तर देईपर्यंत तंबाखू आणि मिश्री माझ्या डोक्यात कधी एका ठिकाणी आल्याच नव्हत्या. तंबाखू गडी खातात. मिश्री बायका लावतात. आपल्याकडं कोणती बाई मिश्रीला व्यसन म्हणते?

आईनं माझी बाजू घेतली. "अवो डाक्टरीनबाई, ती खाती व्हय? थुकती की ती!" मॅडम तिच्यावर चिडल्या नाहीत, मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी सांगितलं की ते विष हिरड्यांतूनच रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळून टाकतं. धडधाकट माणसाला पत्ता लागत नाही, पण नव्यानं बसवलेल्या कातडीचा जीव त्या बारीक वाहिन्यांवरच असतो. "आम्ही इकडून ऑक्सिजन दाबून भरतोय आणि तुम्ही दिवसातून तीन वेळा तिकडून नळ बंद करताय." एवढंच बोलल्या आणि गेल्या.

मग मी नर्सला विचारलं, यांना सांगितलं कुणी? ती म्हणाली, कुरुळीहून तुमच्या भावाचा फोन होता. म्हणाले, बहीण तंबाखू नाही म्हणते पण मिश्री लावते, डॉक्टरांच्या कानावर घाला.

वा रे दादा. चार वर्षांनी तोंड उघडलंस ते माझी चुगली करायला. वॉर्डाचा नंबर शोधून काढलास, माझा तर तुझ्याकडं होता. मला सांगितलं असतंस तर काय जीभ झडली असती? मला सगळ्या वॉर्डासमोर वेडी ठरवलंस. शेजारची देवाचं नाव लिहिणारी बाईसुद्धा वही बाजूला ठेवून ऐकत होती.

आणि आईचं काय केलंस, माहीत आहे? दिवसभर भिंतीला टेकून बसली होती. "माझ्या हातानं इख दिलं गं पोरीला." मी तिला दरडावलं की रडणं बंद कर, तुला कुणी सांगितलं होतं का, तुझ्या आईनं तुला लावलं, तू मला लावलं, यात विष कुठून आलं. तेव्हा तिनं कनवटीची डबी काढली, संडासात जाऊन ओतली आणि रिकामी डबी मला दाखवली. "आता तूबी न्हाई आन मीबी न्हाई." पन्नास वर्षांची सवय तिची. आज सकाळपासून आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर नुसत्या धावून जातोय. चहात साखर जास्त झाली म्हणून भांडलो, कमी झाली म्हणून भांडलो.

मॅडम म्हणाल्या, अजून आठवडाभर थांबते, नंतर नाही.

एक लिहिते, त्याचा अर्थ वाढवून घेऊ नकोस. तंबाखूला शिवत नाही हे मी एका पत्रात लिहिलं होतं आणि मिश्रीचं दुसऱ्यात. तू दोन्ही नीट वाचलीस.

पुनम


निगडी, २९ जानेवारी २०२५

ती. दादास,

आधी अंगठ्याचं. मॅडमनी शेंड्याचा काळा पडलेला तेवढा भाग कापून काढला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. मग उरलेल्या कातडीत जीव आहे का बघायला सुई टोचली. मी डोळे मिटून घेतले होते. तेजल मुद्दाम खाली आली होती बघायला, ती ओरडली, "ताई, लाल! लालभडक!" डोळे उघडले तर रक्ताचा थेंब. एवढ्याशा रक्ताला मी कधी एवढी हसले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "आता मी अंगठा काढणार नाही. तुम्ही म्हणालात तरी नाही." अजून काही दिवस नळकांड्यात जायचं आहे, पण जांभळा रंग गेला. गुलाबी झालाय.

तुझ्या फोनमुळे झालं का? ऑक्सिजनमुळे झालं, मॅडमच्या हातामुळे झालं, आईनं डबी ओतली म्हणून झालं. आणि फोनमुळेही झालं. बास, एकदा लिहिलं, परत लिहिणार नाही.

आता तुझ्याकडं वळते. सोमवारी सकाळी मी आत होते. दाब पूर्ण चढलेला, अजून तासभर बाकी. पडल्या पडल्या खोलीच्या दाराच्या काचेकडं बघत होते आणि काचेपलीकडं गाडीची किल्ली बोटात गरागरा फिरताना दिसली. अशी किल्ली फिरवणारा माणूस मी एकच बघितला आहे. आईनं किती वेळा हातातून हिसकावून घेतली असेल ती.

तू मला बघत होतास. नळकांड्यातली बहीण कशी दिसते, बघून घेतलीस ना? मी हात हलवला, पट्टी बांधलेला, अंगठ्याचा. तू हलवला नाहीस. तेजलनं आतल्या माइकवर विचारलं, "काय झालं, कान दुखतायत का?" मी म्हटलं, "दारात माझा भाऊ आहे, त्याला थांबवा, काढा मला बाहेर." ती म्हणाली, दाब असा एकदम सोडता येत नाही, हळूहळूच उतरवावा लागतो. मी म्हटलं, मग पळत जाऊन त्याला तरी धर. ती बिचारी यंत्रापाशी दुसऱ्या पोरीला उभी करून पळाली. जिन्यापर्यंत पोचेतो तू गेलेला. खाली वॉचमन म्हणाला, निळा पिकअप आत्ताच निघाला.

पळपुटा कुठला! भांडायला आला असतास तरी चाललं असतं. मी आत कोंडलेली, माझा आवाज बाहेर येत नाही, तोंडावर चार शब्द ऐकवून गेला असतास तर मला उलटून बोलताही आलं नसतं. अशी संधी सोडलीस. मला बाहेर काढलं तेव्हा मी इतकी चिडले होते की तेजलला वाटलं मला ऑक्सिजन चढला.

आईला विचारलं, तर म्हणते, "मला न्हाई ठावं." ती खोटं बोलताना पदराशी चाळा करते.

पुनम


मोशी, १२ एप्रिल २०२५

ती. गोरक्षदादास,

साष्टांग नमस्कार. नीट बघ, जोडाक्षरांसकट आहे. उजव्या हातानं लिहिलाय. पेन अंगठा आणि दोन बोटांच्या मध्ये धरून लिहिते आहे, आणि मधून मधून थांबावं लागतं ते फक्त दुखतं म्हणून, जमत नाही म्हणून नाही.

अंगठा देखणा नाही. जाडजूड आहे, नख नाही, बटाट्यासारखा दिसतो. पोटाची कातडी असल्यामुळे मी जाड झाले तर तोही जाड होईल, असं मॅडमनी बजावलंय. इथं माझ्या खोलीवर गरम भांड्याला लागला तर उशिरा कळतं, म्हणून भाकरी करताना जपते. पण भाकरी करते. थेरपीच्या बाईंनी पिठाचे गोळे करायला लावले, दोऱ्याच्या गाठी मारायला लावल्या, नट फिरवायला लावले. नट बघितल्यावर मी त्यांना म्हटलं, हे आधी का नाही दिलं?

कंपनीनं सांगितलं, पॅकिंगला बसा, हलकं काम आहे. मी म्हटलं, प्रेस. सुपरवायझर साहेबराव म्हणाले, "ताई, कशाला परत त्याच मशीनवर?" मी म्हटलं, चूक मशीनची आणि बदली माझी का? ब्रेक बदला, पुढं सेन्सर बसवा, तोपर्यंत मी बटणाला हात लावणार नाही. रोज वेळेवर जायची आणि त्या प्रेसशेजारी नुसती उभी राहायची. येणारा जाणारा विचारायचा, आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. शेवटी ब्रेकही बदलला आणि सेन्सरही बसला. आता शिफ्ट सुरू होताना मी झाडूची काठी आत घालून बघते. ठोका थांबला तरच काम. पहिल्या दिवशी सगळे हसले. परवा शेजारच्या प्रेसवरचे दोघं काठी मागून घेऊन गेले, अजून परत आणून दिलेली नाही.

गंमत गेटवर झाली. हजेरीच्या मशीनवर सवयीनं अंगठा ठेवला, तर मशीन ओळखच देईना. सिक्युरिटीवाला म्हणाला, "ताई, पुसून लावा." पुसण्यासारखं काही नव्हतंच. पोटाच्या कातडीला रेघा नसतात, अंगठ्यावर बसली म्हणून उगवत नाहीत. ऑफिसातला पोरगा म्हणाला, दुसरं बोट देता का? दिलं. मशीनला पटत नसेल तर त्याचं नशीब. खाली अंगठा शाई लावून उठवलाय, बघ. नुसता गोल डाग आहे. सही मात्र त्यानंच धरून केलेली आहे.

आईची मिश्री सुटली ती सुटलीच. आता पेस्ट लावते आणि रोज तिला नावं ठेवते. ती म्हणते की तू गाडीतली तंबाखूची पुडी फेकून दिलीस, नळकांडं बघून गेलास त्याच दिवशी. मी विश्वास ठेवलेला नाही, खिसे तपासल्याशिवाय ठेवणारही नाही. आणि उशीखाली माझी चार पत्रं आहेत, हेही तिनंच सांगितलं. पदराशी चाळा न करता सांगितलं.

गोरक्ष बोलला की शब्द फिरवत नाही, असं सगळी कुरुळी म्हणते. मग तुझ्याच शब्दाची तुला आठवण करून देते. तुटका हात घेऊन माझ्या दारात येऊ नको, असं म्हणाला होतास.

हात तुटलेला नाही. उद्या रविवार आहे, सकाळच्या बसनं येते. कडी मीच वाजवीन, उजव्या हातानं.

पुनम